पस्तीस

जाताना शार्दूलनं वहीत लिहून ठेवलं :
बाबा, पाणी कमी झालं की गोडं पाणी घाला.
खारं नाही, गोडं. नळाचं नाही, गाळलेलं.
मीठ उडत नाही, पाणीच उडतं.
खाली दोनदा रेघ,
जसा काही मी चौतीस वर्षं कारखान्याच्या लॅबमध्ये
भजी तळत होतो.

तो आता तेलाच्या जहाजावर, इंजिनाच्या पोटात.
चहूकडं समुद्र, आणि वर येऊन बघायला सवड नाही.
इथं राजारामपुरीत, शोकेसमधल्या ढाली बाजूला सारून
त्यानं बसवलेला चार फुटी समुद्र
माझ्या गळ्यात.

गगनबावड्याचा घाट उतरल्याशिवाय
ज्या गावाला खारा वारा भेटत नाही
तिथं रोज पावणेसातला
मी नळी डोळ्याला लावतो, खिडकीकडं तोंड करून.
वर निळं, खाली पांढरं. रेघ कुठं बसली ते बघायचं.
नळी तशीच आहे, आकडे निराळे.
तेव्हा काचेवर उसाचा रस असायचा.
एकोणीस. वीस. आडसालीला बावीससुद्धा.
आणि बांधावर मालक उभा,
तोड कधी लागणार म्हणून माझ्या तोंडाकडं बघत.
आता पस्तीस. पस्तीसच पाहिजे.
हयातभर गोडी मोजली, म्हातारपणी मीठ.

एप्रिलात रोज अर्धी कळशी उडते.
कुठं जाते? पडद्यात, पंख्याच्या पात्यांवर,
हिनं पलंगावर वाळत घातलेल्या पापडांत.
ही म्हणाली, यंदा पापड खारट झालेत, तुमच्या त्या पेटीमुळं.
मी म्हणालो, मीठ उडत नाही.
रेघ मारायची तेवढी राहिली.

सोमवारी दुपारी लाईट जाते.
इन्व्हर्टरवर पंखा नाही, लाट चालते.
आम्ही दोघं वर्तमानपत्रानं वारा घेत बसतो
आणि काचेपलीकडं प्रवाळ
वरातीतल्या व्याह्यासारखं डुलत असतं.

आठव्या आठवड्यात, एका सकाळी,
कोळंबी दगडाआड आडवी.
तांबडी पाठ, मधोमध पांढरा पट्टा,
डोळ्यांच्या जागी नुसता उजेड.
चिमट्यात धरली तर वजनच नाही.
शार्दूलला लिहिलं : तुझी कोळंबी गेली. पाणी बरोबर होतं.
मग 'पाणी बरोबर होतं' पुसलं आणि पाठवलं.
एक टिक.
तिला कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली.
ही म्हणाली, तांबडा-पांढरा ओरपणाऱ्या घरात
कोळंबीचं सुतक कोण धरतं?
आणि बुधवार असून मटण केलं नाही.

चार दिवस एकच टिक.
मी पाणी तीनतीनदा तपासलं.
पस्तीस. पस्तीस. पस्तीस.
लॅबमध्ये कधी आकड्यावर संशय घेतला नव्हता,
आता घेतला. नळी धुतली. चष्मा धुतला.

चौथ्या रात्री झोप येईना म्हणून बॅटरी मारली
तर दगडाखालून मिशा.
लांब, पांढऱ्या, हलत्या.
मागोमाग ती. तीच.
ओली तांबडी, आणि मेल्याआधी होती
त्याहून बोटाच्या पेराएवढी मोठी.
मी हिला उठवलं नाही. हिनंच विचारलं अंधारातून,
आली का?
म्हणजे तीही जागीच.

सकाळी त्याचा निरोप.
कात आहे ती, बाबा. टाकत असते.
लिहायचं राहिलं. पाणी बरोबर आहे ना?

अकरा पानं लिहिली, आणि हे राहिलं!

कुंडी उकरून बघितली. काही नव्हतं,
मुंग्यांची एक ओळ, तीही घाईत.
आत आलो. दाराआड खुंटीवर
त्याचा मागच्या खेपेचा बॉयलर सूट,
कोपरांशी अजून वाकलेला, गळ्याशी काळा.
ही धुवायला देत नाही.

लिहिलं : बरोबर आहे. पस्तीस.
दोन टिका.

मग गोड्या पाण्याची कळशी कलती केली.
आज अर्ध्याहून जरा जास्तच लागलं.